पपईच्या देठातली फुंकर

आबा, आज परसातल्या पपईचे एक पान गळाले. त्याचा पोकळ देठ उचलला आणि माधवनगरच्या गिरणीच्या चाळीतले आपले स्वयंपाकघर आठवले. पन्नास वर्षे होत आली. मी साताऱ्याला विज्ञानाचा नवा शिक्षक, सुट्टीसाठी घरी आलेलो; तुम्ही पिंजण खात्यातून भुवयांवर कापूस घेऊन परतलेले. जेवणाआधी तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकता. "गुळानं छातीतली धूळ उतरती रं." मी तत्काळ दुरुस्ती करतो : गूळ अन्ननलिकेने जठरात जातो, श्वास निराळ्या नळीने फुफ्फुसांत, तेथे वायुकोशांच्या तलम भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. "मग गुळाला सांग की, वाट बदल म्हणावं," तुम्ही म्हणता.

तुम्ही मुकादमाकडे दुसरे खाते मागावे, एवढेच मला हवे होते. गिरणीच्या आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला तुमची छाती आवळते, हे आईने मला सांगितले होते. छातीचे काम डोळ्यांनी दिसले तर तुम्हांला पटेल, म्हणून तुमच्याच तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवला, वरची निवळी दोन पेल्यांत ओतली आणि तुम्हां दोघांना फुंकायला पपईचा एकेक देठ दिला. आईने फुंकले, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तिची निवळी दुधाळ झाली. तुम्ही फुंकलेत : दोन बुडबुडे, मग खोकला. पुन्हा दोन. तुमची निवळी नितळच.

"बघ! घाण समदी तुझ्यात. माझी छाती साफ हाय!"

"आवं, चुलीचा धूर रोज कोण गिळतंय?" आई म्हणाली.

तुम्ही हसत सुटलात. "मास्तरानंच दाखला दिला. आता खातं कशाला बदलायचं?"

फुंकर अपुरी पडली, म्हणून निवळी नितळ राहिली होती. एका वाक्याचे काम होते. परंतु ते उच्चारायचे म्हणजे तुमचा दम सरत आला आहे, हे आईदेखत म्हणायचे. आणि तुम्ही फार दिवसांनी तसे हसत होता. गुळाची चूक न खपवणारा मी, ही चूक खपवून घेतली. तुम्ही पुढेही त्याच खात्यात राबलात. अखेरीस चाळीच्या चार पायऱ्या चढताना तुम्हांला दोनदा बसावे लागे.

नंतर दरवर्षी हा प्रयोग दाखवण्यापूर्वी मी वर्गाला बजावत असे, "निवळी नितळ राहिली, तर आधी फुंकर पुरेशी होती का, ते पाहावे." हे पत्र पाठवायचे नाही, म्हणूनच लिहू शकतो : ते वाक्य सांगायचे एकाही तुकडीला मी चुकलो नाही. तुम्हांला तेवढे सांगितले नाही.