विशाखाच्या दंडातली काडी

प्रिय कौसल्या,

सप्रेम जय भीम. मी सिंगापुरात यिशुनला लेकीच्या घरी सुखरूप आहे. तुझी जवसाची चटणी जावयांनी चार दिवसांत संपवली. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर विशाखा शेजारीच असते, म्हणून हे लिहितो. तू म्हणालीस, ती तुटक बोलते. ती रुसलेली नाही गं.

रविवारी आम्ही होडीने पुलाउ उबीन बेटावर गेलो. तिथली जुनी घरं पाहून मला आपलं गाव आठवलं आणि मी शाळेतली कविता म्हणू लागलो. पुढची ओळ नेहमी विशाखाची. ती तशीच पुढे चालू लागली.

"विसरलीस का गं?"

"आठवते हो बाबा. म्हणवत नाही."

मग तिने सांगितलं. एवढ्यात दुसरं मूल नको म्हणून दंडात काडीएवढी नळी बसवून घेतली आहे. तेव्हापासून डोकं दुखतं, उगाच रडू येतं, दोन महिने पाळी थांबत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना सोसत नाही. गुरुवारी काढणार आहेत. जावई रजा घेऊन सोबत जातील. काळजी करू नकोस.

कौसल्या, विशाखानंतर तुला तांबी बसवली, तेव्हा तूही भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी उशाशी कविता म्हणायचो आणि तू ऐकत नाहीस म्हणून फुगून बसायचो. तुला काय होतंय, हे कधी विचारलंच नाही.

ती तांबी काढायला तू दवाखान्यात कुणासोबत गेली होतीस? मला आठवत नाही. मी परत आल्यावर सांगशील?

तुझाच,
रावसाहेब