वीस मिनिटं उकळलेलं पाणी

२ मार्च
पोचलो एकदाच्या, मी आणि माझी दोन महिन्यांची चिमी! दवाखान्यामागच्या दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीत ऊन, ओट्याशी नळ, पाणी काचेसारखं लख्ख. हे महिनाअखेरीला येतील. शेजारच्या शिंपीणबाई भांडी लावायला आल्या. त्यांचं बाळही चिमीएवढंच. म्हणाल्या, नर्सबाई आल्या, आता आमच्या जिवाला घोर नाही.

७ मार्च
माझं दूध आटलं, म्हणून चिमी डब्याच्या दुधावर. त्यासाठी पाणी वीस मिनिटं रटरटा उकळते. दवाखान्यात सगळ्या आयांनाही तेच बजावलं.
जुनी नोंदवही चाळली. वर्षभरात पाच तान्ही मुलं गेली. प्रत्येकापुढे एकच शेरा: अशक्त. गावातल्या नळांना पाणी गोठेवाल्या काकांच्या विहिरीचं. विहिरीला खेटून दोनशे गुरं, शेणाचा डोंगर. मी विषय काढला, तर काका हसून म्हणाले, आधीच्या बाईंनाही फार प्रश्न पडायचे. टिकल्या नाहीत.

११ मार्च
चिमीचे ओठ निळसर दिसतात. शिंपीणबाईंच्या बाळाचेही. पाणी आता अर्धा तास उकळते. विहिरीच्या पाण्याची बाटली शहरात दादाकडे, त्याच्या प्रयोगशाळेत पाठवली.
दुकानदार आज माझ्याशी बोलला नाही. दूधवालाही नाही.

१३ मार्च
चिमीच्या टाचेतून रक्त काढलं. तपकिरी. लाल नाहीच —
दादाचा फोन आला. पाण्यात शेणातून झिरपलेलं नायट्रेट, मर्यादेच्या आठपट; त्यानं तान्ह्यांच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. मी म्हटलं, अरे, मी उकळून देते. तो ओरडलाच. उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि ते आणखी वाढतं.
वीस मिनिटं. मग अर्धा तास. माझ्या हातानं.

१३ मार्च, दुपार
दोन्ही बाळांना घेऊन शहराची गाडी गाठली. गोठेवाल्यांनी ड्रायव्हरच्या कानात काही सांगितलं. त्यानं आम्हाला खाली उतरवलं.
दादा औषध आणि गाडी घेऊन निघालाय. दोन तास लागतील.

तीन वाजता
शिंपीणबाईंचं बाळ गेलं.
गोठेवाले गावभर सांगत फिरतायत, नर्सबाईच्या उकळलेल्या पाण्यानं गेलं. हे निम्मं खरं आहे. तेवढंच पुरे त्यांना —

साडेतीन
अंगणात सगळ्या आया. शिंपीणबाई पुढे. चिमीची नखं जांभळी —

दादाची गाडी वळणावर दिसतेय. बायका रस्त्यात आडव्या बसल्या. मलाच बाहेर जायला हवं. आधी माझी चूक कबूल करते, मग विहिरीचं सांगते. चिमीला कडेवर घेतलंय. श्वास चालू आहे. कडी काढतेय, शिंपीणबाई, ऐकून तरी