शनीची कडी आणि मेंढीचं डोकं

४ ऑक्टोबर, शनिवार
कारागांडा खगोल क्लबचं मासिक व्याख्यान. वक्ता पुन्हा काब्देश. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला आगा म्हणतात. विषय धूमकेतू. माणूस दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात बघितलं, आता आकाशात बघतो. मी अजिबात जळत नाही. टाळ्या जरा जास्त झाल्या, एवढंच. नंतर चहाला त्याला दारापासून सर्वांत लांबची, भिंतीकडची मानाची जागा. मी दाराशी, बुटांशेजारी. टायरची तीन दुकानं माझी, क्लबातली सर्वांत मोठी दुर्बीण माझी, आणि मी बुटांशेजारी!
संकल्प: डिसेंबरचं व्याख्यान माझं.

११ ऑक्टोबर
चिटणीस रौशन-आपांना फोन. म्हणाल्या, "मुसाबेक, बोलशील कशावर?" शनीच्या कड्यांवर, म्हणालो. गोल वस्तूंशी माझा आयुष्यभराचा संबंध. त्यांनी विषय दोनदा विचारून घेतला. भारावल्या असाव्यात.

१९ ऑक्टोबर
तयारी उद्यापासून. आज दुर्बीण पुसली.

१ नोव्हेंबर, शनिवार
आगा उल्कांवर बोलला. एक दगड हातोहात फिरवला. माझ्याकडे पोचेपर्यंत पार कोमट झालेला. दगड दाखवून टाळ्या घेणं म्हणजे विज्ञान नव्हे. निघताना कोट घालत होतो, मागून कुजबुज ऐकू आली. एक म्हणाला, "पुढच्या वेळी टायरवाला आहे म्हणे." दुसरा म्हणाला, "मग काहीतरी खायला तरी घालेल." मूर्ख लोक. पण डोक्यात प्रकाश पडला.
मेंढी!

१५ नोव्हेंबर
योजना पक्की. व्याख्यानानंतर अख्खी मेंढी उकडून वाढायची. डोकं ठेवतात मानाच्या पाहुण्यापुढे, आणि त्या दिवशी वक्ता मी. कुलजान म्हणाली, "अहो, आपलीच मेंढी कापून आपणच पाहुणे व्हायचं?" बायकोला शांतपणे समजावलं: सभागृह क्लबचं, म्हणून यजमान क्लब. मेंढी ही नुसती भेट. म्हणाली, "करा काय करायचं ते." म्हणजे पटलं.

३० नोव्हेंबर
लिहायला बसलो. आधी स्वतःची ओळख हवी. माणूस कळला की ग्रह आपोआप कळतो. पहिलं दुकान, बर्फात बदललेलं पहिलं चाक... ओळख फार सुंदर उतरली. शनी राहिला. तो आयत्या वेळी बोलता येईल.

६ डिसेंबर, शनिवार, दुपार
नवा टाय. डोकं समोर आलं की आधी नको म्हणायचं. एकदाच. काब्देशचा चेहरा बघायचाय.

७ डिसेंबर
काल सभागृह गच्च. आगाच्या वेळी भरतं त्याहून जास्त, हे नोंदवून ठेवतो. ओळख रंगात आली होती, दुसऱ्या दुकानापर्यंत पोचलो, एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि वास आला. सगळ्या माना तिकडे. रौशन-आपा म्हणाल्या, "मुसाबेक, शनी कुठे पळून जात नाही. मांस गार होतंय!" आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मला तेव्हा मिळाल्या.
मानाच्या जागेकडे निघालो. आपांनी बाही धरली. "तिकडे कुठे चाललास? मेंढी कोणाची?" माझी, म्हणालो. "मग यजमान तू. चल, सगळ्यांच्या हातावर पाणी घाल." तांब्या घेऊन फिरलो. टाय दोनदा भिजला. डोकं काब्देशपुढे गेलं. पठ्ठ्याने खोटंखोटंसुद्धा नको म्हटलं नाही. सुरीने कान कापला, मला जवळ बोलावलं आणि माझ्या हातावर ठेवला. कान आमच्यात पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. सगळे खो खो हसले. कुलजान तर डोळे पुसत होती.
मग आगा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लोकांना शनीची उत्सुकता लागून राहिलीय रे. जानेवारीत मीच बोलतो त्यावर. मेंढीचं तू बघशील ना?"
मी मान डोलावली. तोंडात कान होता.