धुळ्याचं शेड सुरू झालं, माय

माय, धुळ्याचं शेड मागच्या सोमवारी सुरू झालं. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, म्हणून कुठलं शेड, कसलं, हे पहिल्यापासून सांगायला हवं. ठिबकच्या नळ्या जोडायला प्लास्टिकचे छोटे सांधे लागतात, ते बनवणाऱ्या जळगावच्या कारखान्यात मी आहे. आमचा तो विभाग धुळ्याला हलवायचा होता आणि काम माझ्याकडे होतं. नऊ मशिनं, त्यांचे साचे, वीज, पाणी, कच्चा माल, माणसं. कुठली वस्तू कुठल्या दिवशी कुठे हवी हे मी ठरवायचं, आणि ती तिथे नसली तर उत्तरही मीच द्यायचं. हुद्दा प्रोजेक्ट मॅनेजर. तू ऐकून म्हणाली असतीस, म्हणजे मुकादमच ना.

तेच आहे. डाळ मिलमध्ये तू चाळीस बायांची मुकादम होतीस. मला आत्ताही दिसतं, पदर खोचून तू गोदामाच्या दारात उभी आहेस. चारला ट्रक लागणार, म्हणून निवडणीवरच्या सहा जणींना उठवून चाळणीवर बसवते आहेस, जिची कंबर दुखते तिला पोती शिवायला धाडते आहेस. कागद नाही, पेन्सिल नाही. ट्रक चारला भरून निघतो.

नववीच्या सुट्टीत तू मला मागच्या गोदामात बारदान आलं का ते बघायला पाठवलंस. वाटेत हमाल भेटला, म्हणाला, "आलं, आलं." मी तिथूनच परत फिरले आणि तुला सांगितलं, आलं. तू निवडलेली सगळी तूरडाळ भरण्यासाठी ओट्यावर आणवलीस, आणि भरायला एक रिकामं पोतं नव्हतं. दुपारी वावटळ उठली, डाळीवर धूळच धूळ. बायांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. शेठ ओरडत आले, "बारदान आलं असं कोणी सांगितलं?" मी तुझ्या मागेच उभी होते. तू म्हणालीस, "मनी चूक शे, शेठ." बस, एवढंच. घरी मात्र भाकरी थापताना मान वर न करता विचारलंस, "तू डोयाघाई देखं का?" मी म्हटलं, डोळ्यांनी नाही पाहिलं, हमाल म्हणाला होता. "मी तुले धाडेल व्हतं, हमालले नही." त्या रात्री मी भाकरी ताटातच ठेवली. तू ती दुधात कालवून दिलीस.

मी कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले तेव्हा बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट तिथे नव्हतेच. तू धुळ्याच्या बाजारात जाऊन पुरुषांचे सगळ्यात लहान शोधून आणलेस आणि पुढे कापूस भरून दिलास. पहिले दोन महिने मी बदकासारखी चालायचे. फिटर हसायचे. मग हसायचं थांबले.

तर यंदाचं सांगते. साचे गार ठेवणारं यंत्र, चिलर, नाशिकहून धुळ्याला यायचं होतं. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, तयार आहे. पुरवठादार फोनवर म्हणाला, "मॅडम, निघालंच समजा." त्या 'समजा'नं मला बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाशिक गाठलं. चिलर त्याच्या शेडमध्ये उभं होतं, रंगाविना, आणि आतली मोटर आलेलीच नव्हती. अजून बारा दिवस, तो म्हणाला. इकडे जळगावची मशिनं उचलायला ट्रेलर दारात लागलेला. मी तिथूनच साहेबांना फोन केला, ट्रेलर थांबवा.

"मृगाच्या केळीला शेतकरी सांधे मागतील, त्यांना काय सांगू? तारीख तुम्हीच दिली होती."

"दिली होती. चूक माझी आहे, साहेब. मी आधीच येऊन बघायला हवं होतं."

साहेब म्हणाले, "आता काय करणार ते बोला."

एसटीत बसूनच मी सगळं नव्यानं मांडलं. पाच मशिनं धुळ्याला नेऊन बसवायची, चार जळगावात दोन पाळ्यांत चालू ठेवायची, चिलर आलं की मग उरलेली हलवायची. पॅकिंगच्या बायांना रोज धुळ्याला जायचं होतं, त्यातल्या काही पारोळ्याच्या. त्यांच्यासाठी वाटेत थांबणारी बस लावली. चिलर बाराव्या नाही, चौदाव्या दिवशी आलं. पण मुक्ताईनगरकडे सांधे घेऊन जाणारा आमचा ट्रक एक दिवसही चुकला नाही, माय. एकही दिवस.

सोमवारी नारळ फुटला. मालकांनी सगळ्यांसमोर माइक माझ्या हातात दिला आणि विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, "माझी आई डाळ मिलमध्ये मुकादम होती. तिच्याकडे." पॅकिंगच्या बायांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की मी माइक परत देऊन टाकला.

हे पत्र ऑफिसच्या वहीत लिहिते आहे आणि ते तिथेच राहील. पण एक सांगायचं उरलं. माझी आई मुकादम होती, हे मी सोमवारी पहिल्यांदा चारचौघांत बोलले. डिप्लोमाच्या प्रवेश अर्जावर आईचा व्यवसाय विचारला होता, तिथे मी लिहिलं होतं 'गृहिणी'. अर्ज तुझ्यापुढे ठेवला. तू पाचवी शिकलेली, तुला वाचता येत होतं. तू बोट फिरवत सगळं वाचलंस, त्या रकान्यापाशी थोडी थांबलीस, आणि खाली सही केलीस.