रफार डोक्यावर गेला

बाबा,

देवळाच्या सैपाकघरात बसवायची काळी फरशी काल वाशीमहून इथं आसेगावला आली. कोरणावळीसकट अडीच हजार, ऑटोचे तीनशे वेगळे. घरखर्चातून वाचवलेले माझेच पैसे. मेडशीत तुमचं नाव कोण घेत होतं, सारे आचारीच म्हणत, म्हणून मजकूरही तेवढाच ठरवला, ‘मेडशीच्या आचाऱ्यांच्या स्मरणार्थ’.

फरशीवर मात्र तसं नाही. मजकूर मी लेकीच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केला. र, हलन्त, य दाबलं, तर र उडून डोक्यावर जाऊन बसला. झालं ‘आचार्यांच्या’. लेक हसली, “आई वं, चुलीवरचा माणूस मठाच्या गादीवर बसवला का तू?” मग तिनं युनिकोडच्या तक्त्यातून दुसरा र काढून दिला, खाली टिंब असलेला. “याले हलन्त दे, मंग य. पाय, बसला का नाही आडवा?” बसला. दोन्ही ओळी पडद्यावर होत्या. ती चहा ठेवायला उठली आणि मी कोरणाऱ्याला रफाराची ओळ पाठवून दिली.

“बरोबर धाडली ना?”

“हाव.”

सासरी तुम्ही देवाधर्माचे गृहस्थ एवढंच ठाऊक आहे. माझ्या लग्नात बुंदीचा पाक बिघडला, तेव्हा तुम्ही धोतर खोचून भट्टीशी बसलात. मी हळदीच्या हातानं मावशीचा पदर ओढला, “बाबाले उठवा तिथून, वऱ्हाडी पाहून राह्यले.” तुम्ही उठता. हात धुता. मांडवात खुर्चीवर बसता, परक्यासारखे, हात मांडीवर ठेवून. काहून उठवलं, हे तुम्ही कधीच विचारलं नाही.

आज फरशी बसली. जाऊबाईंनी हात जोडले, “एवढे मोठे होते वो तुमचे वडील?” तेवढ्यात इथं आपल्या लेकीच्या घरी आलेली मेडशीची एक म्हातारी म्हणाली, “काय लिवलं वं बाई? मले वाचता येत नाही.” मी वाचून दाखवलं, आणि तोंडातून निघालं ‘आचाऱ्यांच्या’.

“अवं माय, त्याच्या हातची बुंदी!” म्हातारीनं बोटं चाटल्यासारखी केली. जाऊबाई एकदा फरशीकडे पाहतात, एकदा माझ्याकडे. मी समईत तेल घालायला वळले.

दुसरी फरशी कोरून घ्यायची का, ते उलट टपाली कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन. पण बाबा, हे पत्र देवासमोर बसून लिहिते आहे, खोटं कसं लिहू? ‘राहू दे आता’ असंच तुमचं उत्तर यावं, असं मनात आहे.