पेटुनियाची हजामत

प्रिय ताई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, त्या कुंड्या कुणाला तरी देऊन टाक, आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, समोर गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं असणार. तसं काही नव्हतं. जे सांगायचं होतं, ते फोनवर मावणारं नव्हतं. आज सलूनला सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी कबुली देतो. तू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलीस आणि पंधरा दिवसांत तुझ्या गच्चीवरच्या पेटुनियांची मी पार रया घालवली. तू बजावलं होतंस तसं रोज सकाळी पानं न भिजवता मुळाशी पाणी घालत होतो, सुकलेली फुलंही काढत होतो. तरी कळी धरेना. शेवटी तुला फोटो पाठवला, तर तू हसतच सुटलीस. म्हणालीस, अरे, तू टोपी काढतोस आणि डोकं तसंच ठेवतोस! खरंच की. मी नुसत्या पाकळ्या ओढत होतो, खालचं हिरवं बोंड जागच्या जागी. झाड बी पोसण्यात गुंतलं, फुलणार कधी? तीस वर्षं लोकांच्या डोक्यावरून हात फिरवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये!

मग तू म्हणालीस, आता निम्म्यावर काप. ऐन उन्हाळा, चार फुलं कशीबशी तग धरून, आणि त्यांच्यावर कात्री चालवायची? माझा हात धजेना. तेव्हा आठवलं, शाळा सोडून मी कोपऱ्यावरच्या टोळक्यात बसायला लागलो, तेव्हा तू मला कानाला धरून उठवलंस आणि म्हाताऱ्या उस्तादांच्या सलूनमध्ये उभं केलंस. सगळं घर तुझ्यावर तुटून पडलं. तू कुणाला भीक घातली नाहीस. बावीस वर्षांची होतीस गं तू! तुझं केवढं कौतुक वाटतं, हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

कापली एकदाची. नुसते खुंट उरले. आठवड्याला खताचं पाणी देत राहिलो, आणि तीन आठवड्यांत जांभळी, पांढरी, तुझी लाडकी पट्ट्यापट्ट्यांची, कुंडीची कड दिसेना इतकी फुलली.

कुंड्या मी कुणालाही दिलेल्या नाहीत. दोन जिने उतरवून खाली आपल्याच इमारतीतल्या सलूनच्या दाराशी मांडल्यात. सलूनच्या मागच्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या काढल्या, भिंतींना रंग दिला, तुझा पलंग आणि कपाट खाली आणलं. कुंड्या देऊन टाक म्हणालीस, तेव्हाच मी ओळखलं, जिन्याच्या धास्तीनं तू परत यायचंच नाही असं ठरवलंयस. आता जिना चढायचा नाहीये, ताई. एक उंबरा होता, तोही काल उखडून टाकला. पट्ट्यांच्या कुंडीतली चार सुकलेली फुलं मी मुद्दाम ठेवलीत, टोपी-डोक्यासकट तूच येऊन काढ. न्यायला कधी येऊ, तेवढं कळव.

तुझाच,
टोप्या काढणारा धाकटा