दोनशे नवरदेव आणि आत्याची म्हैस

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. जनकाआत्यास,
करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर बोललं की बाबा स्पीकर लावून अख्ख्या घराला ऐकवतात, म्हणून पत्र.

दीड महिना झाला, प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातले माझे डास जोडी जमवून नाही राहिले. दोनशे नर, दोनशे माद्या, साखरपाणी, माद्यांना अंड्यांसाठी रक्त, वर लख्ख ट्यूबलाइट. तरी सगळे कोपरे धरून बसतात. साहेब म्हणाले, महिनाअखेर अंडी नाही दिसली तर काम बंद. मग मी घरी, आणि घरी म्हणजे वारंगा फाट्याचा तो टायरवाला प्रेमानंद!

आत्या, मला तो नको. पाहायला आले तेव्हा अकरा माणसं, मधे मी, वर ट्यूबलाइट. मी मान वर केली नाही, तोच बाबांना होकार वाटला.

तुझी,
करुणा

जवळा बाजार, ९ ऑगस्ट

चि. करुणास,
आत्याचा जयभीम आणि एक धपाटा.

एवढी शिकलीस, अन् डास पाहिलाच न्हाई काय गं? लख्ख उजेडात, चारचौघांत कोण जोडी जमवंल? दिवस बुडताना गोठ्यात ये. आपल्या काळ्या म्हशीच्या पाठीवर नर घोळक्यानं नाचून राहतेत. मादी येती, पटला तर एकाला घेऊन जाती, न्हाईतर चालली आपल्या वाटंनं. तुझ्या बाबासारखं मधे कोणी पडत न्हाई.

उजेड हळूहळू कमी कर, खाली काळं फडकं टाक. साहेबाला म्हणावं, म्हैस पुण्याला पाठवता येत न्हाई.

माया आहेच, तब्येत सांभाळ.
आत्या

पुणे, २४ ऑगस्ट

ती. आत्यास, जयभीम.

अंडी आली! चक्क हजारानं! काळं फडकं साहेबांना अंघोळ करताना सुचलं, असं ते सगळ्यांना सांगून राहिले. सांगू देत. माझं काम दोन वर्षं पक्कं झालं.

पण रविवारी टायरवाले तारीख काढायला येणार, असा बाबांचा निरोप आहे. मला विचारलंसुद्धा नाही. काहीतरी कर गं.

तुझीच,
करुणा

जवळा बाजार, १ सप्टेंबर

चि. करुणास, जयभीम.

काल तेच अकरा जण आले. चहा झाला अन् मी तुझं पहिलं पत्र मोठ्यानं वाचलं. ‘मला तो नको’ तीनदा वाचलं, मागं बसलेल्यांना ऐकू जावं म्हून. तुझा बाबा रवींद्र लाल झाला. पण टायरवाल्या पोरानं पहिल्यांदा मान वर केली अन् हसून म्हणला, मलाबी कोणी इचारलंच न्हाई. भला पोरगा वाटला. त्याला चार भाकऱ्या बांधून दिल्या.

तुझा बाबा रुसून गोठ्यात बसला आहे. डास फोडून खाऊन राहिलेत. चावतेत त्या समद्या माद्याच, हे तूच सांगितलं व्हतं ना? बसू दे अजून थोडा वेळ.

लोभ कमी करू नको.
तुझी आत्या